दंतवैद्य ते नट



नाटकावर पोट भरतं का? पोराने नट व्हायचं म्हटलं की आपल्याकडे घरातून पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्तच आहे.

आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर शिक्षणाने दंतवैद्य. १९६२ साली वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात त्यांनी संभाजी उभा केला, पुढे ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या. त्यांच्या नावावर नाट्यगृहं भरू लागली. पण हाताशी दुसरी विद्या होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. या धंद्यात महिन्याचा पगार नसतो. कधी ओळीने प्रयोग, कधी नुसती वाट पाहणं.

मग नटाची तयारी कुठे करायची? शिमग्यात नमन-खेळे या लोककलेत सोंग घेणारं पोर खुला आवाज आणि ताल गावातच शिकतं. ही शिदोरी लहान नाही. पुढच्या शिस्तीसाठी पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी आहे. १९५९ साली सुरू झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तिथे पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही. म्हणून कॉलेज अर्धवट सोडू नका.

अनुभवासाठी लांब जायला नको. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी रत्नागिरी केंद्रावर होते. पालकांनो, यंदा मुलांना घेऊन ती नाटकं जरूर पाहा.