टोमॅटो-मिरचीची रोपं: घरातून वाफ्यात

मृगाच्या धो-धो पावसात वाफ्यावर टाकलेलं टोमॅटो-मिरचीचं बी वाहून तरी जातं, नाहीतर कुजतं. म्हणून रोपं आडोशाला, प्रोट्रेमध्ये म्हणजे छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये करावीत. भिजवून पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरा, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. टोमॅटो आठवडाभरात उगवतो. मिरचीला दहा-बारा दिवस लागतात, तोवर उकरून बघू नका.

अंकुर दिसताच ट्रे उजेडात आणा. अंधुक खोलीत रोप लांबुडकं, फिकट होतं आणि मान टाकतं. पाणी मात्र बेतानंच. सतत ओल राहिली की मातीलगतचा देठ पाणचट, काळपट होऊन दोऱ्याइतका बारीक होतो आणि काल टवटवीत असलेलं रोप आज आडवं पडतं. हा बुरशीचा रोग एका कप्प्यातून शेजारी पसरतो. असं रोप लगेच काढून टाका.

टोमॅटो साधारण 25 ते 30 दिवसांत, मिरची 35 ते 40 दिवसांत लावणीला येते. पण घरातून थेट उन्हात अजिबात नको! आधी आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन द्या, मग रोज थोडं वाढवा. पाणीही जरा कमी करा. पानं जाडसर झाली की रोप काटक झालं समजा.

लावणी संध्याकाळी, ट्रे भिजवून करा. टोमॅटो खालची पानं काढून थोडा खोल लावा. मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. काकडी-दोडक्याच्या मुळांना मात्र हलवलेलं सोसत नाही, त्यांचं बी जागेवरच टोका.