जन्माआधीच पडलेल्या चिठ्ठ्या

(अहिल्यानगर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. माझी सगळी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे आज पथ्यं किंवा गोळ्यांची नावं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाहीत. लिपिड प्रोफाइलच्या कागदावर चार-पाच आकडे छापून येतात. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड. यातला कोणता आकडा खरोखर हृदयाची रक्तवाहिनी बिघडवतो आणि कोणता नुसताच त्याच्या जोडीने हिंडतो, हे माणसांनी कसं शोधून काढलं, एवढंच मी सांगणार आहे.

वरवर पाहता हा प्रश्न सोपा आहे. हजारो माणसांचं रक्त तपासायचं, वीस वर्षं थांबायचं आणि कुणाला झटका आला ते मोजायचं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 1948पासून हेच केलं गेलं. त्यातून कळलं, की एलडीएल जास्त असलेल्यांना झटके जास्त आणि एचडीएल जास्त असलेल्यांना कमी. म्हणून एक वाईट ठरलं, दुसरं चांगलं. पण ज्याचं एचडीएल कमी असतं, त्याचं बहुधा पोटही सुटलेलं असतं, साखर वाढलेली असते, चालणं बंद झालेलं असतं आणि तंबाखूची पुडी खिशात असते. मग झटका कशामुळे आला? कमी एचडीएलमुळे, की बाकीच्या सगळ्यामुळे?

हा पेच आपल्या जिल्ह्याला नवा नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तो रोज सोडवला जातो. समजा, मालदांडी आणि फुले वसुधा या ज्वारीच्या दोन वाणांची तुलना करायची आहे. एक वाण ओढ्याकडच्या काळ्या जमिनीत पेरला आणि दुसरा वरच्या मुरमाड टोकाला, तर शेवटी जो फरक दिसेल तो वाणाचा की जमिनीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून शेताचे वाफे पाडतात आणि कुठल्या वाफ्यात कोणता वाण हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. मग बरीवाईट जमीन दोघांच्या वाट्याला सारखीच येते. ही युक्ती रोनाल्ड फिशर यांची, इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती केंद्रातली. आपल्याकडे ती रुजवली वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी. त्यांचं 1954चं पुस्तक शेतीशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. यातले सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे.

माणसांवर मात्र असे वाफे पाडता येत नाहीत. शंभर बाळांचं एलडीएल जन्मापासून वाढवून ठेवायचं, दुसऱ्या शंभरांचं कमी ठेवायचं आणि साठ वर्षं थांबायचं, असा प्रयोग कुणी करणार नाही, कुणी करूही नये. गंमत अशी, की निसर्गाने तो आधीच करून ठेवला आहे. आईकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, वडिलांकडेही दोन. मुलाला प्रत्येकाकडून एकेकच मिळते आणि कोणती मिळेल ते निव्वळ योगायोगाने ठरतं. एका घरातले दोन भाऊ घ्या. एकच विहीर, एकच चूल. एकाला एलडीएल किंचित कमी ठेवणारी प्रत मिळाली, दुसऱ्याला नाही. ही चिठ्ठी पडली तेव्हा ना तंबाखू होती, ना वजन, ना कर्जाची काळजी.

1986 साली मार्टाइन काटान या डच शास्त्रज्ञाने 'लॅन्सेट'ला छोटंसं पत्र लिहिलं. कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग होतो, अशी तेव्हा शंका होती. काटान म्हणाले, एपीओई नावाच्या जनुकाच्या काही रूपांमुळे माणसाचं कोलेस्टेरॉल जन्मापासूनच कमी असतं. शंका खरी असेल, तर कर्करोगाच्या रुग्णांत ते रूप जास्त सापडायला हवं. या पत्राकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पुढे 2003 साली जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी या विचाराची रीतसर मांडणी केली आणि 'मेंडेलियन रँडमायझेशन' हे नाव रूढ झालं. नाव भारदस्त आहे, आत मात्र राहुरीच्याच चिठ्ठ्या आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांची आणि त्यांच्या मुलांची नोंद 1993पासून ठेवली आहे. त्या नोंदी आणि म्हैसूरच्या नोंदी एकत्र करून 2014 साली याच पद्धतीने आईच्या रक्तातला होमोसिस्टीन हा घटक आणि बाळाचं वजन यांचा संबंध तपासला गेला. तो विषय लिपिडचा नव्हता, पण रीत तीच.

आता एलडीएलकडे येऊ. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर असतात. असे रिसेप्टर मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1970च्या दशकात शोधले आणि त्यासाठी 1985चं नोबेल त्यांना मिळालं. काही घराण्यांत या रिसेप्टरचं जनुकच बिघडलेलं असतं. एक प्रत बिघडली तर ऐन चाळिशीत झटका येऊ शकतो. दोन्ही बिघडल्या तर लहान मुलाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळसर गाठी येतात आणि विशीच्या आतच हृदयविकार गाठतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, तिथे दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी 2000 साली भारतीय रुग्णांत या जनुकातली उत्परिवर्तनं शोधल्याचं प्रसिद्ध केलं होतं. हा परदेशातलाच आजार आहे, असं कुणी समजू नये.

मला मात्र याची उलटी बाजू जास्त रंजक वाटते. 2003 साली फ्रेंच संशोधकांना काही कुटुंबांतल्या वाढलेल्या एलडीएलचं मूळ पीसीएसके9 या जनुकातल्या बदलांत सापडलं. त्यापासून तयार होणारं प्रथिन यकृतावरचे रिसेप्टर मोडून टाकतं. ते जास्त जोमाने काम करू लागलं, की एलडीएल भडकतं. डॅलसच्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी प्रश्न उलटा विचारला: हे जनुक ज्यांच्यात निकामी आहे, त्यांचं काय? 2006 साली उत्तर आलं. पंधरा वर्षं पाठपुरावा केलेल्या 3363 कृष्णवर्णीय अमेरिकनांत 2.6 टक्के लोकांत त्याची निदान एक प्रत निकामी होती. त्यांचं एलडीएल 28 टक्क्यांनी कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका 88 टक्क्यांनी कमी!

संख्याशास्त्राचा मास्तर म्हणून इथे थोडं थांबायला हवं. 2.6 टक्के म्हणजे 85 माणसं, आणि त्यांच्यात हृदयविकार झाला फक्त एकाला. आणखी दोघांना झाला असता, तर 88चा आकडा बराच खाली आला असता. त्याच अभ्यासात नऊ हजारांवर गोरे लोकही होते. त्यांच्यातल्या सौम्य बदलाने एलडीएल 15 टक्के आणि धोका 47 टक्के कमी झाला होता. या आकड्यावर माझा जास्त भरवसा आहे. दोन्हींचा रोख एकच आहे.

तरीही एक कोडं उरतं. एलडीएल जरासं कमी आणि धोका मात्र एवढा कमी, हे कसं? गोळ्यांनी तर एवढा फायदा होत नाही. ब्रायन फेरन्स यांनी 2012 साली सहा जनुकांतले नऊ बदल एकत्र मांडले, तीन लाखांवर लोकांची माहिती घेऊन. जन्मापासून एलडीएल डेसिलिटरमागे 39 मिलिग्रॅमने कमी असेल, तर धोका निम्म्याहून अधिक, 54 टक्क्यांच्या आसपास घटतो. उतारवयात स्टॅटिनच्या गोळ्या सुरू करून तेवढंच एलडीएल उतरवलं, तर साधारण 24 टक्के. औषध कमी पडतं असं नाही, ते उशिरा सुरू होतं. रक्तवाहिनीत चरबीचा थर एका वर्षात साचत नाही. एलडीएल किती आहे याला ते किती वर्षं आहे याने गुणावं लागतं. माझ्या मते या साऱ्या संशोधनाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच, आणि दवाखान्यात तो फार कमी सांगितला जातो.

एचडीएलची कथा मात्र करुण आहे. चांगलं कोलेस्टेरॉल वाढवणारं टॉरसेट्रापिब हे औषध आलं. पंधरा हजार रुग्णांवर चाचणी झाली. एचडीएल 72 टक्क्यांनी वाढलं, आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. डिसेंबर 2006मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाबही वाढत होता, म्हणून दोष एचडीएलवर ढकलता येईना. 2012 साली जनुकांनी निकाल दिला. एलआयपीजी जनुकातल्या एका बदलाने फक्त एचडीएल वाढतं, बाकी काही बदलत नाही. जुन्या हिशेबाने अशा लोकांचा धोका 13 टक्क्यांनी कमी असायला हवा होता. प्रत्यक्षात तो तसूभरही कमी नव्हता. एचडीएल कमी असणं ही धोक्याची खूण आहेच, पण ते वाढवून काही हाती लागत नाही. आपल्या रिपोर्टवर एचडीएल चांगलं आलं म्हणून एलडीएलकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ भेटतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

ट्रायग्लिसराइडचा निकाल इतका स्वच्छ नाही. एपीओसी3 जनुकाची एक प्रत निकामी असलेल्यांत ट्रायग्लिसराइड कमी असतं आणि हृदयविकारही कमी दिसतो. पाकिस्तानात दानिश सलीहीन यांच्या गटाला किनाऱ्यावरच्या एका मासेमार कुटुंबात आई-वडील दोघे आणि त्यांची नऊही मुलं अशी सापडली, की कुणातच हे जनुक चालत नव्हतं. भरपूर स्निग्ध खाऊ घातलं तरी त्यांचं ट्रायग्लिसराइड चढेना. पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात होणाऱ्या लग्नांमुळेच असं कुटुंब सापडू शकलं. पण हा फायदा ट्रायग्लिसराइडमुळे, की त्याच्यासोबत घटणाऱ्या चरबीवाहू कणांच्या संख्येमुळे, यावर वाद आहे. मी कणांच्या बाजूचा आहे.

या पद्धतीची एक मेख आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. चिठ्ठी कुटुंबाच्या आत पडते, जातीजातींमध्ये नाही. शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं झाल्याने आपल्याकडे जनुक आणि ताटातलं अन्न बरोबरच वारशाने येतात. दोन समाजांची सरमिसळ करून कुणी निष्कर्ष काढला, तर काळ्या आणि मुरमाड जमिनीची तीच जुनी चूक पुन्हा होते. त्यात जगातला बहुतेक जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला आहे. जीनोमइंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून त्यांची माहिती जानेवारी 2025मध्ये संशोधकांना खुली केली, ही मोठी गोष्ट आहे. पण जीनोम वाचून काम अर्धंच होतं. त्या माणसाचं पुढे वीस वर्षांत काय झालं, ही नोंदही लागते. ती पुण्याच्या सहा खेड्यांसारखी चिकाटीने ठेवावी लागते.

घाई कशाची, असं विचाराल तर एक आकडा सांगतो. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातून दक्षिण आशियाई लोकांची माहिती वेगळी काढून 2007 साली एक लेख आला. त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. आपल्याकडे पहिल्या झटक्याचं सरासरी वय 53, इतर देशांत जवळजवळ 59. सहा वर्षं! आणि सरकारी तपासणी मोहिमेत तिशीनंतर रक्तदाब, साखर आणि तीन प्रकारचे कर्करोग पाहतात. लिपिड त्या यादीत नाही. निदान एवढं तरी करता येईल: घरात कुणाला पंचावन्नच्या आत झटका आला असेल, तर त्याच्या भावंडांचं आणि मुलांचं एलडीएल मोजावं. त्याला जनुकीय चाचणी लागत नाही, तालुक्याच्या प्रयोगशाळेतली साधी चाचणी पुरते. सोबत आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए या चरबीवाहू कणांचं प्रमाण तपासून घ्यावं. ते जवळजवळ पूर्णपणे वारशानेच ठरतं, म्हणून पुन्हापुन्हा मोजावं लागत नाही.

आता प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न काय येणार, ते मला माहीत आहे. साजूक तूप खावं की नाही? तूप खायला लावणारं जनुक मला माहीत नाही, त्यामुळे माझ्या पद्धतीला तुपावर थेट निकाल देता येत नाही. पण तुपाने एलडीएल वाढलं, तर पुढचा हिशेब वर सांगितला तोच. तेव्हा तूप नेहमीसारखं खात असताना एकदा एलडीएल मोजा, दोन-तीन महिने ते सोडा, बाकी काही बदलू नका आणि परत मोजा. गोळ्या चालू असतील, तर तेवढ्यात त्या मात्र बंद करू नका.