सर्वांत जवळची वाट

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेले भाषण)



एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे अनेक रस्ते असता त्यांतील सर्वांत जवळचा कोणता, हे एखाद्या एस.टी. चालकाला विचारावे, तो क्षणात सांगेल. मग या प्रश्नासाठी विद्वानांनी सत्तर वर्षे डोके का शिणवावे? कारण चालकाला आपला मुलूख ठाऊक असतो. यंत्रापुढे असतात केवळ बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या, लांबी लिहिलेल्या रेषा. अशा आकृतीस गणितात आलेख म्हणतात. शाळेतील आलेखकागदावरचा आलेख तो हा नव्हे, हे शिक्षकबंधू जाणतातच.

1956 साली ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात आर्माक हा नवा संगणक सिद्ध झाला. त्याचे सामर्थ्य सामान्य नागरिकांस कळावे, म्हणून तेथील तरुण शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधील 64 शहरांचा नकाशा घेऊन जवळचा रस्ता शोधण्याचे काम यंत्रास दिले. त्याची रीत त्यांना एका कॉफीगृहात, कागद-पेन्सिलीवाचून, सुमारे 20 मिनिटांत सुचली होती. 1959 मध्ये ती अवघ्या काही पानांच्या लेखात प्रसिद्ध झाली.

रीत अशी. समजा, आपल्या गावाहून तीन गावांना रस्ते जातात : 4, 7 आणि 12 किलोमीटरचे. यांतील 4 किलोमीटरवरचे गाव तत्काळ निश्चित करावे. त्याची याहून जवळची वाट असूच शकत नाही. कारण अन्य रस्त्याने निघाल्यास पहिल्याच टप्प्यात किमान 7 किलोमीटर संपतात. आता त्या गावाहून पुढे पाहावे. तेथून तिसरे गाव 5 किलोमीटरवर असेल, तर त्याचे 12 चे 9 होतात. मग उरलेल्यांतील सर्वांत जवळचे गाव निश्चित करावे. एकदा निश्चित झालेले गाव पुन्हा तपासावे लागत नाही. साऱ्या रीतीचे बळ या एका गोष्टीत आहे. आज अनेक संगणकजाळ्यांत संदेशाची वाट हीच रीत ठरवते.

मात्र यात गावे आपोआप अंतराच्या क्रमाने लागत जातात, आणि बिंदू कोट्यवधी झाले की हा क्रम लावणेच महाग पडते. 1984 साली मायकेल फ्रेडमन व रॉबर्ट टार्जन यांनी माहितीची नवी मांडणी शोधून बराच वेळ वाचवला. क्रम लावण्याचा खर्च मात्र राहिलाच. तो टळणार नाही, असा समज पुढे दृढ झाला.

2024 मध्ये टार्जन व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, गावे अंतराच्या क्रमानेच हवी असतील, तर योग्य मांडणीसह डाइक्स्ट्रांच्या रीतीत मूलभूत सुधारणा शक्य नाही. प्रकरण मिटले, असे कोणासही वाटावे. परंतु पुढच्याच वर्षी बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातील रान दुआन व सहकाऱ्यांनी, रेषा विरळ असलेल्या आलेखांसाठी, सिद्धांततः अधिक जलद रीत दिली. यात विरोध नाही. त्यांना केवळ अंतरे हवी होती, क्रम नको होता. म्हणून त्यांनी सीमेवरचे प्रत्येक गाव न तोलता, ज्यांच्यामार्फत पुष्कळ वाटा पुढे जातात अशी मोजकीच गावे निवडली.

याचा उपयोग काय, असे कार्यालयात मला हमखास विचारतात. भ्रमणध्वनीवरील नकाशा यामुळे उद्याच जलद होईल, असे मुळीच नाही. पण जे अटळ मानले होते ते अटळ नव्हते, एवढे आता सिद्ध झाले आहे. आणि आणखी किती वेळ वाचू शकेल, हा प्रश्न अद्याप खुला आहे.