वसईतील रविवारची मिस्सा



वसईच्या हरित पट्ट्यात, जिथे केळीच्या बागा, जुन्या विहिरी आणि चर्चचे मनोरे शेजारी नांदत आले आहेत, तिथे रविवारची सकाळ घंटानादाने उजाडते.

चर्चमध्ये दर रविवारी होणाऱ्या उपासनेला मिस्सा म्हणतात.

प्रथम बायबलमधील वाचने होतात. मग धर्मगुरूंचे प्रवचन होते.
त्यानंतर वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण केला जातो. आणि भाविक रांगेने पुढे येऊन ती भाकर ख्रिस्तशरीर म्हणून स्वीकारतात.

एके काळी ही उपासना लॅटिनमध्ये चाले.
1962 ते 1965 या काळात रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, आणि वेदीवर मराठी आली.
मला हे फार मोलाचे वाटते. कारण आजीने जे शब्द केवळ श्रद्धेने ऐकले, ते नात आज अर्थासह उच्चारते.

परंतु श्रोतेहो, मिस्सा संपली म्हणजे रविवार संपत नाही.

संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचे सेवक गरजू कुटुंबांची विचारपूस करतात.
मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात.
बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांची नोंद धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्च-समुदायाच्या, दप्तरात होत असते. इच्छुक वधूवरांची नावे तर भर मिस्सेत पुकारली जातात, आणि कुणाची हरकत असल्यास ती धर्मगुरूंना कळवावी, असे सांगितले जाते.

उपासना आणि शेजारधर्म, दोन्ही एकाच आवारात चालतात.

मिस्सेनंतर तिथेच आजाऱ्यांची चौकशी होते, आणि आठवड्याची कामे वाटून घेतली जातात.