नाव राहू द्या, जोडणी खुली ठेवा



ओपन सोर्स म्हणजे कॉपीराइट झुगारून दिलेलं सॉफ्टवेअर, असा समज आपल्याकडे फार पसरला आहे. रोज संगणकावर काम करणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांतही तो आहे. मला आज याच्या नेमकं उलट सांगायचं आहे. हे सॉफ्टवेअर कॉपीराइटच्या कायद्यावरच उभं आहे. उद्या तो कायदा पुसला गेला, तर लिनक्सच्या परवान्यातला जोर त्याच क्षणी संपेल. पण याच कायद्याची हद्द एका विशिष्ट जागेपलीकडे सरकली, तर हेच सॉफ्टवेअर गुदमरेल. त्या दोन्ही बाजू मला दाखवायच्या आहेत, आणि त्यांचा मराठीशी काय संबंध आहे तेही.

थोडा इतिहास आधी. १९६९ पर्यंत आयबीएमचा संगणक घेतला की त्यासोबत सॉफ्टवेअर यायचं. त्याची वेगळी किंमत नसे. त्या वर्षी आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करायचं जाहीर केलं आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रीची वस्तू होऊ लागली. १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उघड पत्र लिहून, आमचं बेसिक तुम्ही फुकट वापरता, ही चोरी आहे, असं बजावलं. १९८० मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रॅमची व्याख्या आली. आपण १९८४ ची दुरुस्ती करून प्रोग्रॅमला १९५७ च्या कायद्यात आणलं आणि साहित्यकृतींच्या रांगेत बसवलं. म्हणजे लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं संरक्षण. कादंबरीसाठी ही मुदत बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. दहा वर्षांत ज्याचं यंत्रच भंगारात जातं, त्या प्रोग्रॅमसाठी ती मुदत निरर्थक आहे, यावर माझ्या मते वादच नाही.

या वातावरणात एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला. कायदा म्हणतो, तुझ्या कृतीची प्रत कोणी काढायची ते तू ठरव. स्टॉलमन म्हणाले, ठीक, मी ठरवतो: कोणीही काढावी, बदलावी, विकावीसुद्धा, फक्त पुढे देताना मूळ कोड आणि हेच हक्क पुढच्यालाही द्यावेत. अट मोडली की परवाना संपला, आणि परवान्याशिवाय प्रती वाटणं हे सरळ कॉपीराइटचं उल्लंघन. मालकाच्या हातातला अधिकार त्यांनी वाटून घेण्याच्या कामाला लावला. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं, पुढल्या वर्षी ते याच परवान्याखाली आणलं, आणि आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी ते आहे.

पण कागदावरची अट कोर्टात टिकते का? फुकट दिलेल्या वस्तूच्या अटीला किंमत असते का? याचं एक फार महत्त्वाचं उत्तर खेळण्यातल्या आगगाड्यांनी दिलं. त्या खटल्यावर मी आज जरा रेंगाळणार आहे, कारण मोठमोठ्या कंपन्यांच्या लढायांपुढे तो झाकला गेला आहे.

रॉबर्ट जेकबसन हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. छोट्या आगगाड्या संगणकावरून चालवायचं एक सॉफ्टवेअर ते आणि जगभरचे हौशी लोक मिळून लिहीत होते. नाव जेएमआरआय. परवाना ‘आर्टिस्टिक लायसन्स’. पैसे कोणी घेत नव्हतं. अट साधी होती: वापरा, पण लेखकांची नावं आणि कॉपीराइटची सूचना ठेवा, आणि काय बदललं ते सांगा. मॅथ्यू कॅट्झर यांची कंपनी याच प्रकारचं सॉफ्टवेअर विकत होती. तिच्या उत्पादनात जेएमआरआयच्या फाइलींतला मजकूर आला, आणि नावं, सूचना, परवान्याचा उल्लेख, सगळं गळालं होतं. जेकबसन कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने सांगितलं की हा फार तर कराराचा भंग आहे, कॉपीराइटचं उल्लंघन नाही. आता करारभंगात भरपाई मागायची तर नुकसान दाखवावं लागतं. जी वस्तू फुकट दिली तिचं पैशातलं नुकसान कसं दाखवणार? तो निकाल टिकला असता, तर जगातला प्रत्येक खुला परवाना म्हणजे नुसती विनंती ठरली असती.

ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किट या अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. नाव ठेवा, बदल नोंदवा, या हक्क देण्याच्याच अटी आहेत, त्या मोडल्या की कॉपीराइट मोडला, असं कोर्टाने धरलं. पैसा हातात न येताही लेखकाला कृतीतून खरे आर्थिक लाभ होतात, हेही मान्य केलं: प्रकल्पाची कीर्ती वाढते, वापरणारे दोष कळवतात, सुधारणा परत येतात. मला या निकालात सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की विनामोबदला काम करणाऱ्याचं नाव हीसुद्धा कायद्याने जपायची गोष्ट ठरली.

आजच्या बातम्या याच नजरेने वाचाव्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही प्रोग्रॅमरांनी गिटहब, मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआय यांच्यावर कॅलिफोर्नियात दावा लावला. आमच्या खुल्या कोडवर तुमचं कोड लिहून देणारं यंत्र, कोपायलट, शिकलं आणि आमची नावं व परवाने गाळून तोच कोड पुढे देतं, ही त्यांची मुख्य तक्रार. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्था यंत्राच्या अशाच शिकण्यावरून ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. यंत्राने वाचून शिकावं की नाही, यावर माझं मत बरंच उदार आहे. ज्ञान वाचण्यासाठीच असतं. पण ज्याने अट घालून दिलं, त्याची अट आणि त्याचं नाव गाळायला उदारपणा म्हणत नाहीत.

आता दुसरी बाजू. कॉपीराइटचं कुंपण कुठे थांबावं?

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्सने केली. दोन संख्यांतली मोठी कोणती हे जावात विचारायचं, तर ‘मॅथ डॉट मॅक्स’ असं लिहायचं. हे नाव, ते कोणत्या गटात येतं, त्याला काय द्यायचं, ही झाली घोषणेची ओळ. प्रत्यक्ष तुलना करणारा कोड त्यामागे वेगळा असतो. गूगलने अँड्रॉइड करताना मागचा कोड आपला लिहिला, पण ३७ गटांतल्या घोषणेच्या ओळी जशाच्या तशा ठेवल्या, म्हणजे जावा येणाऱ्या लाखो लोकांना नव्याने काही शिकावं लागू नये. अशा ओळी सुमारे ११,५०० होत्या, जावाच्या त्या संपूर्ण संचाच्या ०.४ टक्के. २०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये गूगलवर दावा लावला. मागणी पुढे सुमारे ९ अब्ज डॉलरपर्यंत गेली.

पहिल्या कोर्टातले न्यायाधीश विल्यम ऑलसप स्वतः हौसेने प्रोग्रॅम लिहिणारे. २०१२ मध्ये त्यांनी सांगितलं की घोषणांची ही रचना म्हणजे काम करवून घेण्याची पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट नाही. अपील कोर्टाने २०१४ मध्ये ते फिरवलं. २०१६ मध्ये ज्युरीने हा ‘रास्त वापर’, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा वापर, ठरवला, २०१८ मध्ये अपील कोर्टाने तेही फिरवलं. अखेर ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा वापर रास्त ठरवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांचा.

निकाल चांगला आहे, पण एक पाऊल आधीच थांबलेला. अशा ओळींवर मुळात कॉपीराइट आहे का, हा प्रश्न कोर्टाने सोडून दिला. आहे असं धरून चालू, आणि वापर रास्त होता एवढं सांगतो, असा त्याचा पवित्रा. गूगलसारख्या कंपनीला दहा वर्षं वकील पोसता येतात. दोन खोल्यांत बसून सॉफ्टवेअर करणाऱ्या पोरांना ‘तुमचा वापर रास्त ठरू शकेल’ या आश्वासनाचा काय उपयोग? भिंतीतल्या सॉकेटची मापं एका कंपनीच्या मालकीची झाली, तर बाकीच्यांनी पंखे कशाला जोडायचे? माझं मत ऑलसप यांच्या बाजूचं आहे. काम ज्याने केलं त्याचा कोड त्याचा. दोन प्रोग्रॅम जिथे जुळतात ती जागा कोणाचीच नाही.

या बाबतीत आपला कायदा पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा शहाणा आहे. कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने तरतुदी आल्या. कायदेशीररीत्या घेतलेला प्रोग्रॅम कसा चालतो याचा अभ्यास करून त्यामागची तत्त्वं जाणून घेता येतात. स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, काढून घेता येते. ही कलमं आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवली गेली पाहिजेत.

आता मराठी. आपण किमान दोन दशकं जे टंकलेखन केलं, त्यातलं बरंचसं अशा फॉन्टांत आहे, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले होते. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की दिसतो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. त्यात आपले दिवाळी अंक आहेत, ग्रामपंचायतींची इतिवृत्तं आहेत, संशोधकांचे प्रबंध आहेत. मजकूर आपला, पण तो वाचण्याची किल्ली परक्याकडे. लिपीच्या मांडणीचं देशाचं प्रमाण, इस्की, १९९१ मध्ये ठरलं, आणि युनिकोड या जागतिक प्रमाणातली देवनागरी त्याच घराण्यातली. तरीही युनिकोड घरोघर पोचेपर्यंत अनेक वर्षं गेली. कॉपीराइट नसता तर हे टळलं असतं असं मी म्हणत नाही. मांडणी ही जोडणीची जागा आहे, ती खासगी ठेवू द्यायची नाही, एवढं आपण वेळेवर ठरवलं असतं, तर टळलं असतं.

आणि चांगलंही घडलं आहे. रेड हॅट या कंपनीच्या ‘लोहित’ फॉन्टांमुळे लिनक्सवर देवनागरी नीट दिसू लागली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ खुल्या परवान्यावर मिळतो. त्यात अक्षरकारांचं श्रेय राखलं जातं, कोणीही तो पुस्तकासाठी वापरू शकतो, आणि सुधारलेला फॉन्ट पुढे देताना त्याच परवान्यावर द्यावा लागतो. जेकबसन यांनी आगगाड्यांसाठी जे मागितलं, ते इथे आपल्या अक्षरांना मिळालं आहे.

म्हणून श्रोतेहो, माझी मागणी भाबडी नाही. लेखकाने उपाशी राहावं असं मी सांगत नाही. पण सार्वजनिक पैशातून जे सॉफ्टवेअर तयार होतं त्याचा कोड खुला असावा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं आहे. ते निविदांच्या अटींत उतरलं पाहिजे. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टांतल्या फाइली आहेत त्यांनी, रूपांतर करणारी साधनं आणि ती जाणणारी माणसं आहेत तोवर, मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावा. आपलं पुस्तक किंवा कोश सर्वांसाठी खुला करायचा असेल, तर कलम २१ प्रमाणे लेखक आपला हक्क जाहीर नोटीस देऊन सोडू शकतो. सगळं सोडायचं नसेल तर खुला परवाना लावता येतो.

आणि एक काम तुमच्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखं आहे. तुमच्या नगरपालिकेने किंवा जिल्हा परिषदेने घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या कराराची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. कोड कोणाकडे राहणार आणि करार संपल्यावर आपली माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळणार, हे दोन मुद्दे त्यात शोधा. सापडले नाहीत तर पुढच्या निविदेपूर्वी ते घालायला भाग पाडा.