बाटलीतले लेसिथिन आणि ताटातले लेसिथिन



आहारावर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मी युनियनचा माणूस. जे शिकलो ते वाचनालयात आणि गेटसभेत. पण या विषयात मला एका सोबत्याने ओढले. रात्रपाळीला माग चालवणारा हा गडी. अंगातली ताकद गेली म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने लेसिथिनच्या गोळ्यांची बाटली आणली आणि खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी घरातली अंडी बंद केली!

हे लेसिथिन म्हणजे काय? गोब्ली नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते अंड्याच्या बलकातून वेगळे काढले आणि १८५० मध्ये बलकाच्या ग्रीक नावावरूनच त्याला हे नाव दिले. म्हणजे आमच्या गड्याने जे सोडले, त्याचेच नाव बाटलीवर होते!

तेल आणि पाणी यांचे पटत नाही. लेसिथिनचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. दोन पक्षांत समेट घडवणारा मध्यस्थच म्हणा! आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण याच जातीच्या द्रव्यांचे असते. त्यातून मिळणारे कोलीन कमी पडले, तर यकृतात चरबी साठते. १९९८ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी कोलीनचे रोजचे पुरेसे प्रमाण पुरुषांस ५५० आणि स्त्रियांस ४२५ मिलिग्रॅम ठरवले. एका अंड्यात ते सुमारे १५० मिलिग्रॅम असते. सोयाबीन, शेंगदाणे, डाळी यांतूनही मिळते.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन पिकते. त्याचे तेल शुद्ध करताना पाणी घालून जो चिकट गाळ काढतात, तेच लेसिथिन. बिस्किटाच्या वेष्टनावर ३२२ हा आकडा दिसतो, तो त्याचाच. मग गोळ्या वाईट का? विष नव्हेत, पण विसराळूपणाच्या रोगावर त्यांचा गुण येतो, असे तपासण्यांत सिद्ध झालेले नाही.

म्हणून माझे मागणे बाटलीचे नाही, ताटाचे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळेतील मुलांना आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा स्वतंत्र निधी थांबवला आणि लोकवर्गणीकडे बोट दाखवले. मुलाच्या ताटातले अंडे ही वर्गणीची बाब नव्हे, हक्काची आहे. अंडे न खाणाऱ्याला केळे द्या. पण ताट रिकामे ठेवू नका.

आमच्या गड्याच्या घरी अंडी पुन्हा येऊ लागली आहेत. बाटलीत त्याची बायको आता मोहरी ठेवते.