गाडीची वीज एकाएकीं जाते तेव्हां

नाशिकाकडे भाजीपाला भरून रात्रीं निघालेल्या टेंपोला पहाटे वाशीचा बाजार गांठावा लागतो. सौद्याची वेळ टळली कीं मालाचा भाव उतरतो, आणि कोथिंबिरीसारखा नाजूक जिन्नस तर ऊन चढेपर्यंत वाट पाहत नाहीं. अशाच एका टेंपोची श्रोत्यांनीं कल्पना करावी. घोटी मागें पडली, कसाऱ्याचा घाट अजून उतरावयाचा आहे, आणि इगतपुरीजवळच्या एका टपरीवर ड्रायव्हर व त्याचा क्लीनर चहासाठीं थांबले आहेत. चहा घेऊन ते परततात. दार उघडतांच टपाचा लहान दिवा नेहमींप्रमाणें लागतो. ड्रायव्हर किल्ली फिरवितो. ‘टक्’ असा एकच आवाज होतो, आणि सारें संपतें. इंजिन फिरत नाहीं, समोरच्या फळीवरचे तांबडे-पिंवळे दिवे गेलेले, भोंगा मुका, टपाचा दिवाहि विझलेला. घटकेपूर्वीं धडधडत आलेलें वाहन एखाद्या लोखंडी कपाटासारखें उभें राहतें.

अशा वेळीं माणसें जमतातच, आणि जमलेल्या प्रत्येकापाशीं एकेक मत असतें. एक म्हणतो, “बॅटरी बसली, नवी घ्या.” दुसरा म्हणतो, “पुढें उतार आहे. गाडी सोडा, वेग आला कीं गिअर टाका.” पहिला सल्ला खर्चाचा आहे, दुसरा जिवावरचा. इंजिन बंद असतां ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोनचार वेळां पाय दाबतांच संपते, आणि पुढें तोच ब्रेक सर्व बळ लावूनहि नीट लागत नाहीं. सुकाणू जड होतें. दिवे नाहींत. समोर घाट, त्यांतून रात्र. बरें, एवढें साहस करून गाडी चालू होईल म्हणावें, तर तेंहि नाहीं. वीजच पोंचत नसेल तर पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पडत नाहीं, आणि हल्लींच्या डिझेल इंजिनांत इंधन सोडणाऱ्या झडपाच उघडत नाहींत. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल गाड्या ढकलून चालू होत असत. त्या आठवणीवर हा सल्ला अद्याप जगून आहे.

वास्तविक पहिला प्रश्न वेगळाच विचारावयास हवा. गेलें तें काय काय? वाड्यांतील एका खोलींतला दिवा गेला तर माणूस तो दिवा पाहतो. सगळा वाडा एकदम अंधारला तर कोणी खोल्याखोल्यांतून दिवे तपाशीत बसत नाहीं. तो थेट मुख्य फ्यूजकडे जातो. मोटारीचेंहि तसेंच आहे. एकटा भोंगा बंद पडला तर दोष भोंग्याचा, त्याच्या तारेचा किंवा त्याच्या फ्यूजचा. परंतु सर्वच एका क्षणीं गेलें असेल, तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या वाटेवरच असला पाहिजे. आणि ही सामाईक वाट फार आंखूड असते : बॅटरी, तिचीं दोन टोकें, त्यांवर आवळलेल्या पकडी, तेथून निघालेली जाड तार, मुख्य फ्यूज, आणि गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची पट्टी. एवढ्यांतच चोर असतो.

हल्लीं गाडींत जी शिशाची बॅटरी असते तिचें मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानें 1859 सालीं तयार केलेल्या विद्युत्-घटांत आहे. असे सहा घट तिच्यांत एकापुढें एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें 12.6 व्होल्ट दाब दाखविते, 12.2 च्या आसपास ती अर्धी रिकामी समजावी, आणि 12 च्या खालीं गेली तर तिच्यावर विसंबूं नये. 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग याची विजेवर चालणारी सेल्फची योजना आली आणि हातानें दांडा फिरविण्याचे कष्ट व त्यांत मनगटें मोडण्याचे प्रकार हळूहळू थांबले. पण त्या दिवसापासून बॅटरीवर मोठा भार पडला. टपाच्या लहान दिव्याला अर्धा अँपिअर प्रवाहहि लागत नाहीं. सेल्फला सहज दीडशें लागतात.

या दोन आंकड्यांतच बहुतेक घोटाळ्याचें उत्तर आहे. बॅटरीच्या टोंकावर हिरवट-पांढरी बुरशी चढली किंवा पकड सैल झाली, म्हणजे त्या सांध्यांत थोडा विरोध उत्पन्न होतो. तो ओहमचा केवळ विसावा हिस्सा आहे असें धरूं. टपाच्या दिव्याचा प्रवाह त्यांतून जातांना व्होल्टचा पन्नासावा भागच काय तो खर्च होतो. दिवा ढळढळीत लागतो आणि पाहणारा म्हणतो, बॅटरी ठीक आहे. त्याच सांध्यांतून सेल्फसाठीं दीडशें अँपिअर ओढूं गेल्यास साडेसात व्होल्ट तेथेंच खाल्ले जातील. मग उरलें काय? सेल्फ मूक, आणि त्याच्याबरोबर बाकी सर्व गोष्टीहि मूक. पुष्कळदां त्या एका झटक्यानें आधींच डळमळीत असलेला सांधा पुरता तुटतो. बॅटरीच उतरली असेल तर लक्षणें निराळीं असतात : दिवे आधींपासूनच मंद, सेल्फ कण्हत-कुंथत फिरतो आणि मग थांबतो. मरण हळूहळू येतें. एका ‘टक्’ आवाजानिशीं सर्व जातें तेव्हां संशय बॅटरीपेक्षां तिच्या सांध्यावर अधिक घ्यावा. दिवे प्रखर राहून सेल्फ तेवढा गप्प बसला, तर मात्र दोष सेल्फच्या किंवा त्याच्या स्विचच्या वाटेवर शोधावा.

टपरीपाशीं उभ्या असलेल्या एका ट्रकवर म्हातारा मेस्त्री होता. त्यानें बॅटरीकडे पाहण्याआधीं विचारलें, “ड्रायव्हर, वाटेंत कांहीं दिसलें होतें का?”

“कांहीं नाहीं, मेस्त्री. गाडी चांगली चालली होती.”

क्लीनर पोरगा मात्र म्हणाला, “काका, घोटीजवळ खड्डा लागला तेव्हां दिवे एकदां मिचकले होते.”

मेस्त्र्याला एवढें पुरें होतें. खड्ड्याच्या हिसक्यानें पकड सैल झाली असावी. इंजिन चालू होतें तोंवर अल्टरनेटर दिव्यांना वीज पुरवीत होता, म्हणून दोष झांकला गेला. चहासाठीं इंजिन बंद झालें आणि सर्व भार त्या सैल पकडीवर आला. त्यानें हातानें ऋण टोंकाची पकड हलविली. ती बोटानें फिरली.

पुढची कृति साधी, पण तिच्यांत क्रम पाळावा लागतो. किल्ली बंद करून आधीं ऋण टोंक सोडावें, मग धन. जोडतांना उलट : आधीं धन, शेवटीं ऋण. कारण गाडीचा सगळा लोखंडी सांगाडा ऋण टोंकाला जोडलेला असतो. ऋण जोडलेलें असतां धन टोंकावरचा पाना चुकून पत्र्याला लागला तर पाना तापून लाल होईल इतका प्रवाह वाहतो. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघत असतो, म्हणून उजेडासाठीं काडी ओढूं नये. विडी तर दूरच ठेवावी. मेस्त्र्यानें टपरीवाल्याकडून खाण्याचा सोडा मागितला, तो पाण्यांत कालवून टोंकांवर ओतला. फेंस आला, बुरशी निघाली. मग कोरडें पुसून दोन्ही टोकें व पकडींची आंतली बाजू काचकागदानें चकचकीत केली, दहा नंबरच्या पान्यानें पकडी आवळल्या, आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरविला. व्हॅसलीन नंतर लावावयाचें, आधीं नव्हे. पुष्कळ लोक येथें चुकतात.

इतक्यानेंहि वीज आली नसती तर? मग ऋण तारेचें दुसरें टोंक, म्हणजे सांगाड्याला जेथें बोल्ट मारलेला असतो तें, पाहावें. तेथें रंग व गंज यांच्या खालीं हाच रोग लपतो. त्यानंतर मुख्य फ्यूज. तो जळला असेल तर त्याच आंकड्याचा दुसरा घालावा. सिगारेटच्या पाकिटांतली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणें म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणें होय. नवा फ्यूजहि लगेच जळला, तर कोठेंतरी तार उघडी पडून पत्र्याला टेंकली आहे. ती सांपडेपर्यंत तिसरा फ्यूज खर्चूं नये.

टेंपोचें इंजिन पहिल्याच फिरकीला लागलें. ड्रायव्हर आनंदानें म्हणाला, “मेस्त्री, आतां चालू गाडींत एक टोंक काढून पाहूं का? गाडी बंद नाहीं पडली म्हणजे अल्टरनेटर चांगला.” ही परीक्षा जुन्या डायनामोच्या काळीं चालत असे. हल्लींच्या गाडींत तसें केल्यास दाब एकाएकीं उसळतो आणि आंतील नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. मेस्त्र्यानें त्याचा हात धरला, आपल्या पेटींतला मीटर काढून दोन टोंकांवर लावला. कांटा 14 च्या किंचित् वर स्थिरावला. अल्टरनेटर आपलें काम करीत होता. मग त्यानें मोठे दिवे लावावयास सांगितलें, पकड हलवून पाहिली, आणि दिवे मिचकले नाहींत.

पैशासाठीं हात पुढें न करतां तो आपल्या ट्रककडे वळला. पोरानें दहा नंबरचा पाना फळींतल्या खणांत टाकला, आणि टेंपो दिवे लावून घाटाकडे निघाला.